चेहऱ्याला काळा रंग फासण्याआधी : नृत्यवर्ग चालकांना आणि स्नेहसंमेलनांच्या आयोजकांना खुले पत्र

प्रति,
राज्यातील नृत्यवर्गांचे संचालक, शाळा-महाविद्यालयांच्या स्नेहसंमेलनांत नाच बसवणारे नृत्यदिग्दर्शक, नृत्यस्पर्धांचे संयोजक आणि परीक्षक यांस,

सप्रेम नमस्कार.

दिवाळीची सुट्टी संपली की शाळांना गॅदरिंगचे वेध लागतात, ड्रेपरीवाल्यांच्या दुकानांत पोशाख आगाऊ ठरवण्यासाठी गर्दी होते आणि आपल्या वर्गांमध्ये रात्री उशिरापर्यंत सराव चालू राहतात. त्या धामधुमीत कुणाला पत्र वाचायला सवड होणार नाही, म्हणून हे पत्र आत्ताच लिहीत आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे आहे की ‘आफ्रिकन डान्स’ या नावाखाली मुलांच्या तोंडाला आणि हातापायांना काळा रंग फासून त्यांना रंगमंचावर उड्या मारायला लावण्याची जी रीत आपल्याकडे पडली आहे, ती आपण कायमची बंद करावी. आणि ज्या कृष्णवर्णीय कलावंतांनी घडवलेल्या नृत्यांवर आज आपले वर्ग चालतात, त्या कलावंतांची ओळख आपण आपल्या विद्यार्थ्यांना करून द्यावी. या दोन गोष्टी मी मुद्दाम एकत्र मांडत आहे, कारण त्या एकाच दुखण्याच्या दोन बाजू आहेत असे मला वाटते.

एका आंतरशालेय स्पर्धेत परीक्षक म्हणून बसलो असताना हे मला फार जवळून दिसले. तिसरी-चौथीतल्या आठ-दहा मुलांचा एक गट रंगमंचावर आला. कोपरापर्यंत आणि गुडघ्यापर्यंत काळा रंग, ओठांभोवती पांढऱ्या रंगाची जाड कड, गळ्यात थर्माकोलची हाडे, कमरेला हिरव्या क्रेप कागदाच्या झिरमिळ्या आणि हातात सोनेरी कागद गुंडाळलेले भाले. ट्रॅकवर अर्थ नसलेल्या आरोळ्या होत्या आणि मुले गुडघ्यांत वाकून, जिभा बाहेर काढून गोल फिरत होती. प्रेक्षागृह हसत होते, आणि हसावे म्हणूनच तो नाच बसवलेला होता. त्यानंतर दोन प्रवेश झाले आणि त्याच वर्गाच्या मोठ्या मुलांचा गट हिपहॉप घेऊन आला. ढगळ टी-शर्ट, उलट्या टोप्या आणि अतिशय स्वच्छ पॉपिंग. छातीचा एकेक स्नायू सुटा करून दाखवणारे, कौतुक वाटावे असे काम. टाळ्यांचा कडकडाट झाला. पहिल्या प्रवेशात ज्यांची टिंगल केली, त्यांच्याच वंशजांनी शोधलेली हालचाल आपण दुसऱ्या प्रवेशात डोक्यावर घेतली, हे त्या सभागृहात कुणाच्याही मनात आले असेल असे मला वाटत नाही. मुलांना तर ते ठाऊक असण्याचा प्रश्नच नव्हता, कारण ते त्यांना कुणी सांगितलेलेच नव्हते.

ओठांभोवतीच्या त्या पांढऱ्या कडेबद्दल थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे. ती आपल्या मेकअपवाल्याच्या कल्पनेतून आलेली नाही. अमेरिकेत १८३० च्या सुमारास थॉमस राइस नावाचा एक गोरा नट जळक्या बुचाची काजळी तोंडाला फासून ‘जिम क्रो’ नावाचे एक पात्र रंगवू लागला. गुलाम माणूस आळशी, बावळट, सदा हसणारा आणि नाचण्यापलीकडे काही न येणारा असतो, असे ते पात्र दाखवत असे. त्यातून ‘मिन्स्ट्रेल शो’ नावाचा एक प्रचंड लोकप्रिय प्रकार उभा राहिला. त्यातल्या नटांचे चेहरे कोळशासारखे काळे आणि ओठ मोठे करून पांढरे किंवा लाल रंगवलेले असत. पुढे अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांनी काळ्या माणसांना शाळा, आगगाडी आणि उपाहारगृहांत वेगळे बसवणारे जे कायदे केले, ते याच विदूषकाच्या नावाने ओळखले गेले. या प्रकाराची पकड एवढी होती की बर्ट विल्यम्ससारख्या असामान्य कृष्णवर्णीय विनोदी नटालाही, १९१० मध्ये ब्रॉडवेवरच्या झीगफेल्ड फॉलीज या बड्या कार्यक्रमात प्रवेश मिळाल्यावर, स्वतःच्या सावळ्या चेहऱ्यावर काजळी फासूनच उभे राहावे लागले. माणूस खरोखर काळा असून चालत नव्हते. प्रेक्षकांच्या डोक्यात जो काळा होता, तोच त्याने दाखवायचा होता. ब्रिटनमध्ये बीबीसीने असा कार्यक्रम थेट १९७८ पर्यंत दाखवला. हे सोंग चित्रफितींतून, व्यंगचित्रांतून आणि जुन्या सिनेमांतून जगभर फिरले, आपल्याकडेही आले, आणि त्याचा इतिहास मागे राहून फक्त रंगाची डबी तेवढी आपल्या हाती उरली.

हे केवळ जुन्या काळचे प्रकरण आहे असेही नाही. ‘ला बायादेर’ हे १८७७ मध्ये सेंट पीटर्सबर्गला प्रथम सादर झालेले मारियस पेतिपा यांचे नृत्यनाट्य आजही मोठमोठ्या बॅले कंपन्या करतात. त्याची गोष्ट भारतात घडते: देवळातली नर्तकी, योद्धा, राजा आणि ब्राह्मण पुजारी. त्यातला भारत पाहिला तर तो कुठला भारत हे आपल्यापैकी कुणालाही सांगता येणार नाही, इतका तो मनगढंत आहे. मॉस्कोच्या बोल्शॉय थिएटरच्या प्रयोगात त्याच राजाच्या दरबारी नाचणारी लहान मुले अंगभर काळ्या रंगात दाखवली जात. डिसेंबर २०१९ मध्ये मिस्टी कोपलंड या नर्तकीने तशा रंगवलेल्या दोन मुलींचे छायाचित्र समाजमाध्यमांवर टाकून जाहीर हरकत घेतली. कोपलंड २०१५ मध्ये अमेरिकन बॅले थिएटरची पहिली कृष्णवर्णीय प्रमुख नर्तकी झाली होती, त्यामुळे तिच्या बोलण्याची जगभर दखल घेतली गेली. बोल्शॉयच्या व्यवस्थापनाचे उत्तर असे होते की हा प्रयोग याच रूपात हजारो वेळा झालेला आहे आणि अशा चर्चेत आम्ही पडणार नाही. ‘आम्ही वर्षानुवर्षे असेच करत आलो आहोत’ हे उत्तर आपल्याकडच्या मुख्याध्यापकांच्या तोंडूनही मी ऐकले आहे. ज्या नृत्यनाट्यात आपलाच देश असा बाहुल्यांच्या खेळासारखा मांडला आहे, त्याकडे पाहताना आपल्याला जे खटकते, तेच आपल्या रंगमंचावरचा ‘आफ्रिकन’ प्रवेश पाहणाऱ्या नायजेरियन किंवा केनियन विद्यार्थ्याला खटकत असणार. असे विद्यार्थी पुण्या-मुंबईत शिकतात, आपल्या शेजारच्या इमारतींत राहतात आणि आपले कार्यक्रम पाहायलाही येतात.

रंगाची ही सक्ती उलट्या दिशेनेही चालते. रेव्हन विल्किन्सन १९५५ मध्ये बॅले रूस द माँते कार्लो या कंपनीत दाखल झाली. अमेरिकेच्या दक्षिणेत दौरा असला की तिला चेहऱ्यावर फिकट रंग चढवून उभे राहावे लागे, कारण गोऱ्यांबरोबर काळी मुलगी नाचते हे कळले तर सगळी कंपनीच संकटात आली असती. शेवटी तिने देश सोडला आणि ती नेदरलँड्समध्ये जाऊन नाचली. साठ वर्षांहून अधिक काळ लोटल्यावर, २०२० मध्ये, क्लोई लोपेस गोम्स या बर्लिनच्या सरकारी बॅले कंपनीतल्या पहिल्या कृष्णवर्णीय नर्तकीने जाहीरपणे सांगितले की ‘स्वान लेक’ या बॅलेसाठी तिलाही चेहरा पांढरा करायला सांगितले गेले होते. या दोघींच्या कहाण्या मी आपल्या वर्गातल्या मुलींना सांगतो तेव्हा त्या गंभीर होतात, कारण त्यांना हे परके वाटत नाही. गॅदरिंगच्या दिवशी सावळ्या मुलीला रंगभूषेच्या खुर्चीत बसवून तिच्या कातडीपेक्षा दोन छटा उजळ पॅनकेक थापायचा, हा आपल्याकडचा शिरस्ताच आहे. म्हणजे एकाच ग्रीनरूममध्ये एका कोपऱ्यात मुलांना हसण्यासाठी काळे केले जाते आणि दुसऱ्या कोपऱ्यात मुलींना सुंदर दिसण्यासाठी गोरे केले जाते. ‘आम्ही स्वतःच काळे-सावळे, आम्ही कुणाचा वर्णद्वेष करणार?’ असे म्हणणाऱ्यांनी कृपा करून या दोन खुर्च्यांकडे एकदा लक्षपूर्वक पाहावे.

न्यूयॉर्कच्या हार्लेम या कृष्णवर्णीय वस्तीत १९६९ साली आर्थर मिशेल यांनी या सगळ्याला दिलेले उत्तर मला अजूनही थक्क करते. मिशेल हे न्यूयॉर्क सिटी बॅलेमध्ये प्रमुख नर्तकाच्या पदापर्यंत पोहोचलेले पहिले कृष्णवर्णीय. मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाल्यानंतर ते आपल्या वस्तीत परतले, एका गॅरेजमध्ये मुलांना शिकवू लागले आणि कारेल शूक यांच्यासह त्यांनी डान्स थिएटर ऑफ हार्लेम ही संस्था उभी केली. बॅलेमध्ये पायमोजे आणि बूट गुलाबी असतात, ते गोऱ्या पायाची रेषा बोटांपर्यंत अखंड दिसावी म्हणून. काळ्या नर्तकीच्या बाबतीत ती रेषा गुलाबी रंगामुळे घोट्याशी तुटते. म्हणून या संस्थेत प्रत्येक नर्तकीचे पायमोजे तिच्या कातडीच्या रंगात रंगवायचे ठरले, आणि साटीनच्या बुटांवर त्याच छटेचे फाउंडेशन स्पंजाने थापण्याची पद्धत पडली. बूट झिजले की नवे, आणि नवे आले की पुन्हा रंग. तासन्‌तास चालणारे हे काम पुढे जगभरच्या कृष्णवर्णीय नर्तकींच्या अंगवळणी पडले. लंडनच्या फ्रीड या बूट बनवणाऱ्या जुन्या कंपनीने बॅले ब्लॅक या संस्थेबरोबर तपकिरी छटांचे तयार बूट बाजारात आणायला २०१८ साल उजाडले. रंगमंचावरचा रंग माणसाच्या खऱ्या कातडीशी जुळवून घ्यायचा, एवढी साधी मागणी मान्य व्हायला जवळजवळ ५० वर्षे लागली.

आता कमरेच्या त्या झिरमिळ्यांकडे वळतो. पाने, काटक्या, गवत यांचा पोशाख रंगमंचावर येऊच नये असे माझे म्हणणे मुळीच नाही. शिकागोचे निक केव्ह हे चित्र-शिल्पाबरोबरच कृष्णवर्णीय नृत्यदिग्दर्शक आल्विन एली यांच्या संस्थेत नृत्यही शिकलेले कलावंत. १९९१ मध्ये लॉस एंजेलिसच्या पोलिसांनी रॉडनी किंग या काळ्या माणसाला बेदम मारले आणि ते दृश्य सगळ्या देशाने दूरचित्रवाणीवर पाहिले. काळा पुरुष म्हणून आपण किती टाकाऊ समजले जातो, या विचाराने अस्वस्थ होऊन केव्ह एका बागेत बसले होते. तिथे पडलेल्या काटक्या त्यांनी गोळा केल्या, त्यांचे तुकडे केले, प्रत्येक तुकड्याला भोक पाडले आणि ते एका अंगरख्यावर दाट शिवून टाकले. तो घालून हालचाल केल्यावर त्या काटक्या वाजू लागल्या. १९९२ मधला हा त्यांचा पहिला ‘साउंडसूट’. डोक्यापासून पायापर्यंत अंग झाकणाऱ्या या पोशाखात आतला माणूस काळा की गोरा, बाई की पुरुष, गरीब की श्रीमंत हे कळतच नाही. जो तुमच्याकडे पाहतो त्याला आधी तुमचे नृत्य पाहावे लागते, तुमच्याविषयीचा ग्रह त्याला मागे ठेवावा लागतो. २०१३ मध्ये न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल या गजबजलेल्या रेल्वेस्थानकात एलींच्या शाळेतल्या विद्यार्थ्यांनी केव्ह यांचे घोड्यांच्या रूपातले ३० पोशाख घालून नाच केला. प्रत्येक घोड्याच्या आतल्या दोघा नर्तकांच्या पावलाबरोबर अंगावरचा गवतासारखा राफिया सळसळत होता. आपल्या मुलांना काटक्यांचा आणि पानांचा पोशाख द्यायचा असेल तर तो असा द्यावा, त्यामागचे कारण सांगून द्यावा आणि मुलांनाच तो शिवायला बसवावे.

काळ्या रंगाचेही असेच आहे. १९५५ मध्ये अलाबामातल्या बर्मिंगहॅम शहरात जन्मलेले केरी जेम्स मार्शल हे चित्रकार आपल्या चित्रांतली माणसे तपकिरी रंगवतच नाहीत, ती थेट काळी रंगवतात. पण तो काळा एकच नसतो. हस्तिदंती काळा, काजळी काळा आणि लोहाच्या भस्मापासून बनणारा मार्स काळा असे वेगवेगळे काळे घेऊन, त्यांत निळा किंवा हिरवा अगदी थोडा मिसळून ते त्यांची उष्ण आणि थंड रूपे तयार करतात, आणि मग त्या गर्द काळ्या चेहऱ्यात गाल, पापणी, ओठांची कड असे सगळे हळूहळू दिसू लागते. केशकर्तनालयात बसलेली, सहलीला आलेली, प्रेमात पडलेली, चित्र काढत असलेली साधी माणसे ते भव्य आकारात रंगवतात. कारण लहानपणापासून संग्रहालयांच्या भिंतींवर त्यांना आपल्यासारखे कुणी दिसलेच नव्हते. फासलेला काळा आणि अभ्यासून रंगवलेला काळा यांतला फरक एखाद्या चित्रकला शिक्षकाने फळ्यावर दाखवला तरी मुलांना तो कळेल. त्यासाठी परदेशी संग्रहालयांत जाण्याची आवश्यकता नाही.

आणि आता आपल्या उपजीविकेचा विषय. आपल्या वर्गांच्या फलकांवर हिपहॉप, लॉकिंग, पॉपिंग, हाउस, वाकिंग, क्रम्प, वोग अशी नावे असतात. अलीकडे त्यांत अ‍ॅफ्रोबीट्सची आणि दक्षिण आफ्रिकेतून आलेल्या आमापियानोची भर पडली आहे. यांतले प्रत्येक नाव एखाद्या वस्तीतून, एखाद्या गरजेतून आलेले आहे. ११ ऑगस्ट १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात, १५२० सेजविक अ‍ॅव्हेन्यू या इमारतीच्या सामाईक खोलीत, सिंडी कॅम्पबेल नावाच्या मुलीने शाळेसाठी नवे कपडे घेता यावेत म्हणून एक पार्टी ठेवली. तिचा जमैकात जन्मलेला भाऊ क्लाइव्ह, म्हणजेच डीजे कूल हर्क, याला गाण्यातला जो तुकडा नाचणाऱ्यांना सर्वाधिक आवडतो तो दोन तबकड्यांवर पुन्हा पुन्हा वाजवून लांबवण्याची कल्पना सुचली होती, आणि त्या लांबवलेल्या तुकड्यांवर नाचणारे म्हणून बी-बॉय. लॉस एंजेलिसच्या डॉन कॅम्पबेल यांनी १९७० च्या आसपास लॉकिंग घडवले. फ्रेस्नोच्या बूगलू सॅम यांनी पॉपिंगला आकार दिला. वाकिंग आणि वोग हे प्रकार काळ्या आणि लॅटिन समलिंगी व तृतीयपंथी तरुणांनी घडवले. घरातून आणि समाजातून हाकलल्या गेलेल्या त्या मुलांना ज्या क्लबांत आणि सभागृहांत एक रात्र राजा-राणी होता येत असे, तिथले हे नाच आहेत. क्रम्पच्या छाती पुढे फेकणाऱ्या, जमिनीवर पाय आपटणाऱ्या हालचालींत लॉस एंजेलिसच्या दक्षिण भागातल्या मुलांचा राग आहे. टोळीयुद्धात पडण्याऐवजी तो त्यांनी नाचात ओतला. हे न सांगता क्रम्प शिकवला की वर्गात केवळ रागीट चेहरा करण्याची स्पर्धा उरते, आणि ते कसे दिसते हे आपण सारेच जाणतो.

मूनवॉक म्हटले की मायकल जॅक्सन आणि १९८३ हे वर्ष आपल्या मुलांना पाठ असते. त्याच्या कितीतरी आधी बिल बेली नावाच्या कृष्णवर्णीय टॅप नर्तकाने हीच मागे घसरणारी चाल रंगमंचावर केली होती आणि १९५५ मध्ये ती चित्रित झाली होती, हे किती जणांनी सांगितले असेल? आजच्या काळातले उदाहरण हवे असेल तर जलाया हार्मन या अटलांटाजवळच्या मुलीचे घ्या. २०१९ मध्ये, चौदा वर्षांची असताना, तिने ‘रेनेगेड’ हा नाच बसवून समाजमाध्यमावर टाकला. टिकटॉकवरच्या गोऱ्या तारकांनी तो उचलला, कोट्यवधी लोकांनी तो केला आणि तिचे नाव कुणालाच ठाऊक नव्हते. २०२० च्या फेब्रुवारीत एका वृत्तपत्राने तिची मुलाखत छापल्यानंतर कुठे तिला श्रेय मिळाले. हातातल्या मोबाइलवरून नाच उचलण्याचे काम आपल्याकडचे विद्यार्थी दररोज करतात, आणि खरे सांगायचे तर आपल्यापैकी अनेक शिक्षकही करतात. मूळ नाच कुणी बसवला हे शोधायला बहुतेक वेळा काही मिनिटेच लागतात.

कुणीही हे नाच शिकू नयेत असा याचा अर्थ नाही. वसई-विरार पट्ट्यातल्या मुलांनी, साध्या घरांतल्या आणि लोकलने प्रवास करणाऱ्या मुलांनी, २०१९ मध्ये ‘वर्ल्ड ऑफ डान्स’ ही अमेरिकेतली स्पर्धा जिंकली तेव्हा मलाही आनंदाने भरून आले होते. ब्राँक्सच्या मुलांसारखीच हाताशी साधने नसलेली मुले या नाचाकडे ओढली जावीत, यात नवल काहीच नाही. म्हणूनच त्या मुलांना आपण कुणाशी जोडले गेलो आहोत हे समजण्याचा हक्क आहे, असे मी म्हणतो.

आपल्या ‘कंटेम्पररी’च्या वर्गांबद्दलही लिहिणे भाग आहे, कारण तिथे आल्विन एली यांचे नाव क्वचितच निघते. १९३१ मध्ये टेक्ससमध्ये जन्मलेल्या, आईने शेतात आणि लोकांच्या घरी राबून वाढवलेल्या या माणसाने १९५८ मध्ये आपली कंपनी काढली आणि १९६० मध्ये गुलामीतून उगवलेल्या भक्तिगीतांवर ‘रेव्हेलेशन्स’ ही रचना केली. तिच्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे, म्हणून मी ‘क्राय’विषयी सांगतो. १९७१ मध्ये आईच्या वाढदिवसाची भेट म्हणून त्यांनी ज्युडिथ जॅमिसन या नर्तकीसाठी सुमारे १६ मिनिटांचे हे एकल नृत्य बसवले आणि ते सर्व कृष्णवर्णीय स्त्रियांना, विशेषतः आपल्या मातांना, अर्पण केले. उंचपुरी जॅमिसन पांढऱ्या पोशाखात येते आणि तिच्या हातात एक लांब पांढरे कापड असते. ते ती दोन्ही हातांनी समोर धरून वाहून आणते. मग खाली अंथरून, गुडघ्यांवर बसून त्याच कापडाने फरशी पुसू लागते, आणि पुसताना तिची पाठ अशी वळते की वर्षानुवर्षांचे काम तिच्या कण्यात दिसावे. थोड्या वेळाने तेच कापड ती डोक्याला गुंडाळते आणि राणीसारखी चालते. शेवटच्या भागात दम संपत आलेला असताना तिला सर्वांत वेगाने नाचायचे असते. त्या संपूर्ण नाचात काळेपण दाखवण्यासाठी चेहऱ्यावर काहीही केलेले नाही. जे काही आहे ते एका कापडात आणि एका पाठीत आहे. घरकामाला जाणाऱ्या बाईची पाठ आपल्या मुलांनीही पाहिलेली असते, अनेकांनी तर स्वतःच्या आईची पाहिलेली असते. हे नृत्य त्यांना दाखवले तर चर्चा करायला बाईंना किंवा सरांना मुद्दे शोधावे लागणार नाहीत.

‘आफ्रिकन डान्स’ या शीर्षकाबद्दल एवढेच म्हणेन की ५४ देशांच्या खंडाचा एक नाच असू शकत नाही. सेनेगलमध्ये समुद्राकाठच्या तुबाब जालॉ या गावी जर्मेन अकोन्यी यांची ‘एकोल दे साब्ल’ ही नृत्यशाळा आहे, तिच्या एका सभागृहाची जमीनच वाळूची आहे. पश्चिम आफ्रिकेतली नृत्ये आणि आधुनिक नृत्य यांतून त्यांनी स्वतःचे तंत्र घडवले आणि २०२१ मध्ये व्हेनिसच्या नृत्य बिएनालेने त्यांना जीवनगौरवाचा सुवर्णसिंह दिला. दक्षिण आफ्रिकेतला गमबूट नाच सोन्याच्या खाणींतल्या मजुरांचा. रबरी बुटांवर मारलेल्या थापा हेच त्यांचे वाद्य. जोहान्सबर्गच्या डाडा मसिलो यांनी ‘स्वान लेक’ नव्याने बसवले तेव्हा अनवाणी हंस, स्त्रिया आणि पुरुष दोघेही, टुटू, म्हणजे बॅलेचा झालरदार घागरा, घालून आफ्रिकी पदन्यास करत होते आणि काळ्या हंसाची भूमिका पुरुषाने केली होती. २०२४ च्या डिसेंबरमध्ये, अवघ्या ३९ व्या वर्षी, त्या गेल्या. आपल्याकडे त्याची बातमी कुठे वाचल्याचे मला आठवत नाही.

महाराष्ट्राचे या माणसांशी नाते नवे नाही. इथिओपियात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला मलिक अंबर निजामशाहीचा कर्ता पुरुष झाला आणि त्याने वसवलेल्या खडकीचे पुढे औरंगाबाद झाले. त्याच्या काळातल्या चित्रकारांनी त्याचे गर्द वर्णाचे, पांढऱ्या जाम्यातले भारदस्त व्यक्तिचित्र काढले. आणि ज्याला तो कधीच हाती लागला नाही त्या जहांगीर बादशहाने अंबरच्या तुटलेल्या शिरावर आपण बाण सोडतो आहोत असे चित्र काढवून घेतले. काळ्या माणसाचे चित्रण कसे करायचे हा प्रश्न दख्खनमध्ये चारशे वर्षांपूर्वीच उभा राहिला होता. १९४६ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉईस या कृष्णवर्णीय विचारवंताला पत्र लिहून अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाच्या प्रती मागवल्या होत्या, आणि १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली तेव्हा तिने आपले नाव अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून घेतले. मराठी साहित्याने हा धागा जपला. नृत्याच्या आणि चित्रकलेच्या वर्गांपर्यंत मात्र तो पोहोचला नाही, याची मला खंत वाटते. कारण कलावंताची कला उचलायची आणि कलावंताला दारात उभे ठेवायचे, हे तमाशाच्या बाबतीत आपण स्वतः केले आहे. विठाबाई नारायणगावकरांना राष्ट्रपतींचा पुरस्कार मिळाला आणि अखेरचे दिवस त्यांनी हलाखीत काढले. लावणी मात्र दूरचित्रवाणीच्या प्रत्येक नृत्यस्पर्धेत दिमाखाने होते. आणखी एक जोडून सांगतो: ‘आफ्रिकन’ प्रवेशासाठी ड्रेपरीवाला जी पेटी उघडतो, तीच पेटी ‘आदिवासी’ प्रवेशासाठीही उघडतो. पालघरच्या वारली पाड्यावर तारपा वाजतो तेव्हा फेर धरणारा एकही माणूस तोंडाला काळे फासत नाही, कुणाच्या गळ्यात हाडे नसतात. हे पाहायला मुंबईहून लोकलने डहाणूपर्यंत जाणेही पुरेसे आहे.

माझ्या विनंत्या साध्या आहेत. चेहरा किंवा अंग रंगवून दुसऱ्या वंशाचे किंवा जमातीचे सोंग आणता येणार नाही, असा स्पष्ट नियम स्पर्धेच्या माहितीपत्रकात घालावा, आणि तो प्रवेशिका वाटण्याआधी घालावा, म्हणजे ऐनवेळी मुलांचे गुण कापण्याची वेळ परीक्षकांवर येणार नाही. चूक मोठ्यांची असते आणि रडू मुलांना येते, हे मी पाहिले आहे. प्रवेशिकेत नृत्यप्रकाराच्या रकान्याशेजारी आणखी एक रकाना असावा: हा प्रकार कुठे आणि कुणी घडवला, आणि रचना दुसऱ्याची असल्यास कुणाची. निवेदकाने ती दोन वाक्ये मंचावरून वाचून दाखवावीत. वर्गचालकांनी नव्या तुकडीच्या पहिल्या आठवड्यात एक तास नाच थांबवून मुलांना मूळ कलावंतांच्या चित्रफिती दाखवाव्यात. त्यातल्या बहुतेक विनामूल्य उपलब्ध आहेत. शहरात शिकणारे आफ्रिकी विद्यार्थी आणि कलावंत आहेत, त्यांना मानधन देऊन कार्यशाळेसाठी बोलवावे. फुकट नव्हे, मानधन देऊनच. दूरचित्रवाणीच्या कार्यक्रमांना हेच सारे लागू आहे, आणि त्यांच्याकडे तर संशोधनासाठी माणसेही नेमलेली असतात.

यंदाच्या हंगामात ज्या संयोजकांनी मला परीक्षक म्हणून विचारले आहे, त्यांना मी पहिला नियम आणि प्रवेशिकेतला रकाना लेखी कळवला आहे. ते मान्य असतील तरच मी परीक्षकाच्या खुर्चीत बसेन. आपल्यापैकी जे परीक्षणाला जातात त्यांनीही होकार देण्याआधी एवढे विचारून घ्यावे. ज्या वर्गांना चित्रफितींची यादी किंवा माहितीपत्रकात घालण्यासाठी नियमाचा मसुदा हवा असेल, त्यांना तो मी मराठीत तयार करून आनंदाने देईन.

कळावे, लोभ असावा.

आपला नम्र,
एक नृत्यशिक्षक